चारशे सतरावं पान

आमच्या संकेतस्थळाचं नाव 'फरशीकोश' ठेवलं, तिथंच माझं पहिल्यांदा चुकलं. आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी फोन करून विचारतं, "मॅडम, दोन बाय दोनची चकचकीत काय भावानं?" मी सांगते, बाबा रे, आमच्याकडे फरश्या मिळत नाहीत, फरश्यांचं गणित मिळतं. मग पलीकडचा माणूस "बरं बरं" म्हणून घाईघाईनं फोन ठेवतो. वेड्या बाईच्या नादी कोण लागेल!

धनाजी पिसाळनं मात्र फोन ठेवला नाही. हा ओगलेवाडीचा गवंडी. फरशी बसवण्यात सबंध कराड तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं विचारलं, "म्हंजे बाई, कुठल्या आकाराची फरशी बसती आन् कुठली बसत न्हाई, एवढंच लिवलंय व्हय? चार हजार पानं?"

"एवढंच."

"मग मलाबी घ्या की."

घेतला. आज कोशातल्या एकेचाळीस पानांवर त्याची सही आहे.

मी विजया शिराळकर. वय सदुसष्ट. कराडच्या कॉलेजात बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि पोरांनी पाठीमागं ठेवलेल्या 'शिरा मॅडम' या नावासकट निवृत्त झाले. नवरा जाऊन तेरा वर्षं झाली. मुलगा ऑकलंडला असतो आणि रविवारी फोन करतो, तोही मी जेवायला बसले की नेमका. २०२७ साली हा कोश सुरू केला तो खरं सांगायचं तर घर खायला उठत होतं म्हणून.

आमचं गणित सांगायला सोपं आहे. ठरावीक आकाराच्या फरश्या घेऊन अमर्याद जमीन भरायची. फट राहता कामा नये, एकावर एक चढता कामा नये. चौकोन बसतो, षटकोन बसतो, सारख्या बाजूंचा आणि सारख्या कोनांचा पंचकोन बसत नाही. पण आकार जरा वेडावाकडा झाला की भल्याभल्यांची भंबेरी उडते. मध्ये एक फरशी ठेवायची, तिच्याभोवती फरश्यांचं एक कडं करायचं, त्याच्याभोवती दुसरं, मग तिसरं. दहा कडी सुरळीत बसली म्हणून अकरावं बसेलच याची हमी नाही. आणि कुठलेही आकार पुढं टाकले तरी 'बसतील' की 'नाही' हे बिनचूक सांगणारी एकच एक रीत असूच शकत नाही, हे केव्हाच सिद्ध झालेलं आहे. त्यामुळं दर आकाराशी नवी कुस्ती.

कोशात एका पानावर एकच विधान. सिद्धता लिहून झाली तरी पान पिवळंच राहतं. ते हिरवं व्हायला फळ्यावर यावं लागतं, हा आमचा रिवाज आणि तो मीच घातला. पान सांभाळणाऱ्यानं कॅमेऱ्यासमोर, हातात चिठोरंही न घेता, फळ्यावर सगळं मांडायचं. दुसऱ्यानं ऐकायचं. ऐकणाऱ्यानं एकच प्रश्न विचारायचा: "का?" उत्तर मिळालं की पुन्हा "का?" असं करत तळ लागेपर्यंत जायचं. तळ लागला की ऐकणाऱ्यानं "पटलं" म्हणायचं आणि बटण दाबायचं. मग पान हिरवं. सांभाळणारा कोश सोडून गेला आणि दुसरा नसला, की पुन्हा पिवळं. नुसतं खरं असून भागत नाही, एका तरी जिवंत माणसाला ते समजलेलं पाहिजे, असा माझा हट्ट.

या रिवाजात सगळ्यात पक्की होती शमीम मुजावर. माझीच विद्यार्थिनी. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि मी फळ्यावर चुकले की पहिली तीच उठायची. पुढं विट्याजवळच्या हायस्कुलात शिक्षिका झाली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आईला सांभाळलं, आई गेल्यावर एकटी राहिली. कोशातल्या शहाण्णव पानांवर तिची सही होती. पहाटेची नमाज झाली की चहा टाकायची आणि बरोबर सव्वासहाला मला फोन करायची. अकरा वर्षं, सणवार काही न बघता, रोज.

"मॅडम, उठलात का?"

"तुझ्या फोनशिवाय उठते होय मी?"

आणि मग चारशे सतरा.

चारशे सतरावं पान शमीमचं होतं. दोन आकार: एकाला ती 'कैरी' म्हणायची, दुसऱ्याला 'कोय'. तिचं म्हणणं, या दोघांनी मिळून अख्खी जमीन भरते, कितीही कडी मागा. सिद्ध होत नव्हतं. दर तीन-चार महिन्यांनी ती एखादं नवं कडं बसवायची आणि मला फोनवर वर्णन करून सांगायची, मी वहीत काढायची. एकतिसावं कडं बसलं तेव्हा एसटीनं पेढे घेऊन आली होती.

मग 'उकल' आलं.

उकल हे यंत्र. त्याचे दोन भाग. पहिला भाग सिद्धतेच्या पायऱ्या सुचवतो, धडाधड, लाखांनी, बऱ्याचशा चुकीच्या. दुसरा भाग अगदी छोटा आणि अतिशय खडूस. आधीच्या पायरीवरून पुढची निघतेच अशी खात्री झाली तरच तो तिला पुढं जाऊ देतो. पहिला थापा मारू शकतो, दुसरा मारू शकत नाही. त्यामुळं उकल जेव्हा 'झालं' म्हणतं, तेव्हा ते झालेलं असतं. तिथं मतं मागवायची सोय नाही.

२०३६ च्या सुमाराला उकलवाल्यांनी आम्हाला विचारलं, तुमची अकराशे पिवळी पानं आम्ही सोडवून देऊ का? कोशाच्या माणसांत दोन तट पडले. मी व्यवस्थापक म्हणून मला आधी चाचणीसाठी दहा पानं टाकून बघायची मुभा मिळाली. नऊ मी सोपी टाकली. दहावं टाकलं चारशे सतरा.

देवाशप्पथ सांगते, हेतू वाईट नव्हता. पुढच्या गुरुवारी तिचा वाढदिवस होता. म्हटलं, पोरीला सिद्धता भेट देऊ. ते बसत नसेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. दुपारी तीनला टाकलं आणि भाजी निवडत बसले. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं.

विधान असत्य. कैरी आणि कोय सत्तावन्न कड्यांपर्यंत बसतात. अठ्ठावन्नावं कडं कसंही करून बसत नाही. सोबत नऊशे पानांची तपासणी.

मी ती गवार तशीच निवडत राहिले. शेंगा कुठल्या, देठ कुठले, कशाचं भान नव्हतं. संध्याकाळी उठून चाचणीच्या यादीतून ते उत्तर काढून टाकलं. सकाळी सांगू, म्हटलं.

सकाळी सव्वासहाला फोन आला. "मॅडम! बत्तिसावं बसलं! अल्लाची कृपा, रात्री स्वप्नात कोपरा दिसला आणि उठून काढला तर बसला की हो!"

ती हसत होती. तिची आई गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "सांग, वही घेते."

एकदा नाही सांगितलं की दुसऱ्या दिवशी ते जास्त अवघड होतं. तिसऱ्या दिवशी, काल का नाही सांगितलं, याचंही उत्तर द्यावं लागतं. महिन्यानं तर तोंडच उरत नाही. मी तेहतिसावं कडं काढलं, चौतिसावं काढलं. सत्तावन्न यायला अजून पुष्कळ वेळ आहे असं मनाला समजावत राहिले. तिच्या वेगानं त्याला अजून सात-आठ वर्षं लागली असती.

आणि इकडं मी मोठी तत्त्वनिष्ठ ठरत होते! कोशात उकल घ्यायचं की नाही यावर मतदान व्हायचं होतं. घेतलं की सगळ्या पिवळ्या पानांचे निकाल बाहेर येणार. म्हणून मी मतदान लांबवत गेले. आणखी चर्चा करू, आणखी एक समिती नेमू. "यंत्राला कळलं म्हणजे माणसाला कळलं असं होत नाही," अशी भाषणं ठोकली. लोक टाळ्या वाजवायचे. म्हणायचे, मॅडम आहेत म्हणून माणसाची बाजू राहिलीय. खाई त्याला खवखवे.

तेवढ्यानंच भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. सातव्या महिन्यात शमीमला बंगळूरच्या एका संस्थेचं पत्र आलं. शाळेतल्या शिक्षकांसाठी दोन वर्षांची संशोधनाची जागा, राहायची सोय, शाळेतून रजा. अट एवढीच की नव्या विषयावर काम करायचं: स्फटिकांची रचना. फरश्या पूर्ण बाजूला ठेवायच्या.

"मॅडम, जाऊ का?" तिनं विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं."

किती साधा प्रश्न होता. 'जा' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. खरं सांगायचीही गरज नव्हती. पण बंगळूरला नव्या माणसांत, नव्या कामात पडल्यावर हिला सव्वासहा आठवेल का? माझ्या तोंडून निघून गेलं, "चौतीस कडी बसवलीस, आणि आता सोडणार?"

ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." दुसऱ्या दिवशी तिनं नकार कळवून टाकला.

सात महिन्यांनी मतदान झालंच. मी हरले, आणि हरल्यावर जरा हलकंही वाटलं. म्हटलं, आता यंत्रच सांगेल, मी सुटले. पण आमच्या कोशाचा दुसरा नियम असा: पानाच्या इतिहासातून काहीही, कधीही पुसायचं नाही, आणि तो सगळ्यांना दिसला पाहिजे. हा नियम लिहिणारी कोण? मीच. उकल जोडलं गेलं तेव्हा चाचणीत टाकलेली पानंही आपापल्या इतिहासात जाऊन बसली, तारखेसकट, नावासकट. मी यादीतून काढलं म्हणजे गेलं, असं समजून चालले होते. कोश उभा केलेल्या बाईनं असं समजावं!

चारशे सतराच्या इतिहासात ओळ आली: चौदा महिन्यांपूर्वी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं, निकाल असत्य, मागणी विजया शिराळकर, निकाल पाहिला विजया शिराळकर.

सोमवारी सव्वासहाला फोन आला नाही. मंगळवारीही नाही. मी केला तर उचलला नाही. रविवारी सकाळी दहाला दारात शमीम उभी. हातात पर्स, पायात शाळेत घालायच्या चपला. पाणी दिलं ते तिनं प्यायलं नाही.

"खोटं निघालं त्याचं मला काही नाही मॅडम," ती म्हणाली. "गणितात खोटं निघतंच. दोन दिवस रडले असते आणि दुसरं काहीतरी घेतलं असतं. मला फक्त एक विचारायचंय. तुम्ही फळ्यापाशी उभ्या राहा."

माझ्या हॉलमध्ये अजून कॉलेजचा जुना फळा आहे. मी त्याला पाठ लावून उभी राहिले. ती खुर्चीत बसली.

"तुम्ही सांगितलं नाहीत. का?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"का?"

"अगं, अकरा वर्षं त्यावर घालवलीस..."

"बंगळूरचं विचारलं तेव्हा पण नाही सांगितलं. का?"

मी काहीतरी पुटपुटले. तिनं ऐकून घेतलं आणि शांतपणे पुन्हा विचारलं, "का?" मीच शिकवलं होतं तिला, उत्तर अर्धवट असेल तर ओरडायचं नाही, फक्त परत विचारायचं.

"तू गेली असतीस म्हणून."

"का? मी गेल्यानं काय झालं असतं?"

मी म्हटलं, "सकाळी फोन आला नसता. सबंध दिवसात माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नाहीये गं शमीम. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी लपवलं मी."

तिचे डोळे भरले होते, पण पाणी पडू दिलं नाही तिनं.

"पटलं," ती म्हणाली, आणि उठली.

"शमीम, थांब. चहा तरी..."

दारात वळून ती म्हणाली, "मॅडम, बंगळूरहून पण सव्वासहाला फोन लागतो." आणि गेली.

त्या संध्याकाळी तिनं कोशातून नाव काढून घेतलं. शहाण्णवपैकी एकाहत्तर पानांना दुसरा सांभाळणारा नव्हता. एकाहत्तर पानं एकामागून एक पिवळी झाली. उकलच्या लेखी ती सगळी खरीच होती. पण आमच्या लेखी ती आता कुणालाच समजलेली नव्हती.

मी अंथरूण धरलं होतं. धनाजीला सगळं कळलंच. सायकल भिंतीला लावून आत आला, आणि मला वाटलं होतं धीर देईल, तर कसलं काय! "बाई, तुमी शिकल्यालं माणूस," तो म्हणाला. "फरशी चुकली तर उखडाया लागती. वर जाजम टाकून भागत न्हाई. माज्या पोरालाबी कळतंय ते."

"कळतंय रे मला."

"कळून काय उपेग?" तो फळ्याकडं बघत बसला. मग जरा नरम आवाजात म्हणाला, "पर हे अठ्ठावन्नाला का अडतंय वो? सत्तावन्न बसत्यात आन् मग का न्हाई?"

उकलच्या नऊशे पानांत 'का' नव्हतं. एकेक शक्यता घेतली आणि बसत नाही म्हणून खोडली, एवढंच होतं. मी म्हटलं, कुणालाच माहीत नाही. तो म्हणाला, "मला इचाराल तर सुताचा फरक आसंल. फरशी सूतभर तिरकी आसली तर दारात कळत न्हाई. चार ओळी जात्यात, धा जात्यात. सगळं ब्येस दिसतंय. भिताडाला पोचल्यावर कळतंय की पार वाकडं झालंय."

मी अंथरूण सोडून कामाला लागले ती त्या वाक्यावर. अकरा महिने लागले. धनाजीचं खरं होतं. दर कड्यागणिक कैरी आणि कोय यांच्यात एक लहानसा फरक शिल्लक राहतो, डोळ्याला न दिसणारा. पुढचं कडं तो पोटात घालतं आणि आपली थोडी भर घालून पुढं ढकलतं. अठ्ठावन्नाला तो बरोबर एका बाजूएवढा होतो आणि मग कुठलीच फरशी त्या खाचेत जात नाही. नऊशे पानांचं काम चार तासांत फळ्यावर मांडता येईल इतकं लहान झालं. पानावर मी लिहिलं: विधान असत्य, कल्पना शमीम मुजावर यांची, कारण धनाजी पिसाळ यांचं. आणि ऐकणारा हवा म्हणून विनंती टाकली, शमीमच्या नावानं. तिनं कोश सोडला होता, तरी विनंती तिच्या पत्त्यावर जात होती. धनाजी म्हणाला, मी ऐकतो की. मी नको म्हटलं.

पाच महिने ती विनंती तशीच पडून होती. दर रविवारी दहा वाजता मी कॅमेरा लावून फळ्यापाशी उभी राहायची आणि अकराला बंद करायची.

गेल्या रविवारी दहा वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर नाव उमटलं. शमीम मुजावर. कॅमेरा बंद.

खडू उचलला आणि सुरुवात केली. चार तास बोलत होते. अधूनमधून तिचा आवाज यायचा, "का?" बरोबर तिथंच, जिथं मी जरा घाईनं पुढं सरकले होते. अकरा वेळा विचारलं तिनं, दुसरा एक शब्द नाही. एका ठिकाणी तर मला वाटलं होतं की कारण स्पष्ट आहे आणि ते नव्हतं. तिच्या 'का'मुळं मला तिथं नवीन पायरी घालावी लागली. अठ्ठावन्नावं कडं फळ्यावर उघडं पडलं तेव्हा माझा हात खांद्यापासून दुखत होता.

पलीकडून श्वास ऐकू आला. मग "पटलं."

पान हिरवं झालं.

"शमीम," मी म्हटलं, "माझं चुकलं गं. फार चुकलं." पण तोवर पडद्यावरून नाव गेलेलं होतं.

तरी मला वाटलं, येईल. ऐकायला आली म्हणजे येईल. सोमवारी पाचलाच उठले, तोंड धुतलं, चारशे सतराची जुनी वही टेबलावर काढली, शेजारी फोन ठेवला. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. सात वाजता दूधवाला येऊन गेला. मी वेणीसुद्धा घातली नव्हती.

आठ वाजता फोन वाजला. नंबरही न बघता उचलला. "शमीम?"

"फरशीकोश ना?" कुणीतरी पुरुष होता. "मॅडम, बाथरूमसाठी न घसरणारी दाखवायची होती. काय भावानं आहे?"

बाबा रे, आमच्याकडे फरश्या मिळत नाहीत, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. त्या अनोळखी माणसासमोर, हुंदके देऊन, लहान पोरीसारखी रडले मी. तो बिचारा पार घाबरून गेला. "अहो मॅडम, काय झालं? का रडताय?" असं विचारत राहिला. त्यानं फोन ठेवला नाही.

मी त्याला सगळं सांगितलं.